सोपान मिस्त्रींनी बुजवलेलं दार

सोपान मिस्त्रींनी आमची जागा पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते तिच्यावर सरळ आडवे झाले. टोपी काढून डोक्याखाली घेतली, हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. भोरच्या बाहेर, नदीकडे उतरत जाणाऱ्या त्या प्लॉटवर तेव्हा गुडघाभर गवत होतं. मी आणि माझा नवरा श्रीकांत उन्हात उभे. मला वाटलं, वेल्ह्याहून दोन एसट्या बदलून आलेला वयस्कर माणूस, दमला असेल. पाच-सात मिनिटांनी ते उठले, पाठीचं गवत झटकलं आणि म्हणाले, "जागा चांगली हाय. झोप येती."

"झोप येते म्हणजे?" श्रीकांतनं विचारलं.

"काही जागंवर डोळं मिटतच न्हाईत, सायेब. आंग ताठ राहतं. तितं घर बांदून काय करायचं?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की आमचं हसायचं राहून गेलं.

ते तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावचे. पस्तीस वर्षं गवंडीकाम केलेलं. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्यांच्या हातची घरं होती. श्रीकांत वेल्ह्यात एका कार्यालयात नोकरीला होता, तिथल्या शिपायानं त्यांचं नाव सुचवलं. मी भोरच्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर पन्नाशीला टेकताना आम्ही दोघं घर बांधायला निघालो होतो, आणि हातात भोरच्याच एका इंजिनीअरनं काढून दिलेला नकाशा होता. तो मी मिस्त्रींपुढे उलगडला. त्यांनी नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ह्यो बरा हाय. पर येत्या ऐतवारी तुमी दोगंबी हितं या. चटई आना, डबा आना. दिवसभर ऱ्हायाचं."

"कशाला?"

"तुमी कुटं बसताय ते मला बगायचंय."

आम्ही गेलो. खरं सांगायचं तर सहल म्हणून गेलो. श्रीकांतनं रस्त्याच्या बाजूला चटई टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा सुरू केल्या. मी सकाळी त्याच्याजवळ होते, मग ऊन चढलं तशी सरकत सरकत जांभळाच्या झाडाखाली गेले. दुपारी नदीवरून वारं सुटलं. तेव्हा मी रस्त्याकडे पाठ करून, उतारावर पाय सोडून बसले होते आणि सहामाहीचे पेपर तपासत होते. मिस्त्री लांब एका दगडावर बसून तंबाखू मळत होते. कुणाकडे बघत असल्यासारखे ते दिसत नव्हते.

संध्याकाळी त्यांनी दोन दगड घेतले. एक श्रीकांत बसला होता तिथं ठेवला, एक मी बसले होते तिथं. दोन्हींच्या मध्ये दोरी ताणली.

"सायबांचं घर म्होरल्या दाराला हाय," ते म्हणाले. "बाईंचं घर मागल्या दाराला. ही दोन्ही दारं एका रेघंत ठिवू. दुपारचं वारं मागनं येईल, सरळ पार जाईल. आन् मागल्या दाराबाहेर एक कट्टा."

नकाशात मागचं दार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतं, मोरीला लागून. ते हलवून घराच्या मध्यावर आलं.

मला आजवर कुणी विचारलं नव्हतं की तुला कुठं बसायला आवडतं. माहेरी भावंडं बसल्यावर उरलेल्या जागेत मी बसले. लग्नानंतर भाड्याच्या खोल्यांत, पाहुणे-रावळे बसल्यावर उरलेल्या जागेत. या माणसानंही विचारलं नाही, पण त्यानं बघितलं. घर बांधून होईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्यावर खूश होते, आणि हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

सोमवारी पहिल्या गाडीनं ते यायचे, शनिवारी संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस प्लॉटवरच पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांची एक ठरलेली रीत होती: भिंती उभ्या राहिल्या की प्लॅस्टर करायच्या आधी प्रत्येक खोलीत एक दुपार झोपून बघायचं. गोणपाट अंथरायचं आणि आडवं व्हायचं. "भिंत ओळंब्यानं बगायची, घर आंगानं बगायचं," असं त्यांचं म्हणणं. आमच्या झोपायच्या खोलीत ते असेच पडले आणि पंधरा मिनिटांत उठून आले. चेहरा आंबट.

"खिडकी चुकली," म्हणाले. "उजेड थेट पापनीवर येतोय. वीतभर सरकवाय पायजे."

"पडदा लावू की," मी म्हणाले.

"पडदा लावला म्हंजे खिडकी कशाला ठिवायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधी डोकावले तर भिंत फोडून झाली होती. त्या जादा कामाच्या पैशांचा विषयही त्यांनी आमच्याकडे काढला नाही.

ओट्याची उंची त्यांनी माझ्या कोपरावरून घेतली. मला भिंतीपाशी उभं केलं, पोळी लाटल्यासारखे हात करायला लावले आणि विटेच्या तुकड्यानं रेघ मारली. पाहायला आलेल्या माझ्या नणंदेनं सांगितलं की ओटा साधारण अमुक इंचांचा असतो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साधारन बाई कुनी न्हाई ना हितं. ह्या बाई हायेत."

ते वास्तूच्या नियमांच्या विरुद्ध होते असं मात्र नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं मी लोकांना तसंच सांगत फिरले. एकदा चहा पिताना त्यांनी नसरापूरच्या एका घराची गोष्ट सांगितली. रिटायर झालेले गृहस्थ, वास्तूचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे. शेगडी पूर्वेलाच तोंड करून हवी. तसं केलं तर त्यांच्या बायकोची पाठ दाराकडे होत होती. आजींना ऐकू कमी यायचं. कुणी मागून आलं की त्या दचकायच्या, एकदा हातातलं आधणच सांडलं.

"मग?"

"मग काय? शेगडी पूर्वेलाच ठिवली. आजींच्या म्होरं भिंतीला बारकी खिडकी काडली. आंगनाचं फाटक दिसंल आशी. कोन आलं ते त्यास्नी आदीच दिसतंय. पुस्तकाचं बी ऱ्हायलं, आजींचं बी ऱ्हायलं." चहाचा शेवटचा घोट घेऊन ते म्हणाले, "मानसाच्या मनाला ज्यानं बरं वाटतं त्येला आपन कशाला खोटं म्हनायचं? फकस्त घरातल्या बाकीच्यांस्नी जागा ऱ्हायली पायजे."

आम्ही राहायला गेलो. मागचं दार दिवसभर उघडं असायचं. शाळेतून आले की मी कट्ट्यावर बसायचे, श्रीकांत पुढच्या ओसरीवर, आणि घराच्या आरपार आमचं बोलणं चालायचं. अडीच-तीन वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी मधल्या सुट्टीत फोन आला. श्रीकांत ऑफिसात खुर्चीवरून खाली आला होता. डावी बाजू गेली, वाचाही गेली. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बीपीच्या गोळ्या नियमित घेत होते ना?"

"हो," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. त्याची ऑफिसची बॅग रिकामी करताना तळाशी गोळ्यांची पाकिटं सापडली. न फोडलेली. साधारण चार महिन्यांची. मी दर महिन्याला औषधाच्या दुकानातून आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवत होते, आणि तो ती उचलून बॅगेत टाकत होता. घेतली का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. ती पाकिटं मी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि शाळेच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकली. मुलीला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही. विचारलं तर मी सांगत राहिले की गोळ्या अगदी वेळच्या वेळी चालू होत्या, तरी असं झालं, काय करणार.

श्रीकांतला घरी आणलं. हॉलमध्ये, दोन दारांच्या मधल्या जागेत त्याची कॉट टाकली. त्याच सुमारास शाळेतल्या एका बाईंनी पुण्याच्या फेंगशुईवाल्या ताईंचं नाव सुचवलं. तोवर माझा अशा कशावर विश्वास होता असंही नाही, नव्हता असंही नाही. मी त्यांना बोलावलं.

त्या बाई चांगल्या होत्या. होकायंत्र, एक अष्टकोनी तक्ता, आणि बोलणं गोड. त्यांनी सांगितलेल्या दोन-चार गोष्टी कुणालाही पटाव्यात अशाच होत्या: पलंगाखालचा पसारा काढा, दारातल्या चपला हलवा, आजाऱ्याच्या समोर आरसा नको. मग त्या पुढच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना घराच्या आरपार नदीपर्यंत दिसलं.

"अहो, हे काय!" त्या म्हणाल्या. "दारासमोर दार! घरात आलेली ऊर्जा इथं थांबतच नाही. सरळ मागून निघून जाते. आजारपण येणारच ना. कुणी बांधलं हे घर?"

कुणी बांधलं हे घर. त्या प्रश्नानं मला किती हलकं वाटलं, ते लिहितानाही लाज वाटते. इतके आठवडे मी एक प्रश्न टाळत होते, आणि या बाईंनी मला दुसरा प्रश्न दिला. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

"वेल्ह्याकडचा एक मिस्त्री आहे," मी म्हणाले. "त्यानंच नकाशा बदलायला लावला."

त्या बाईंनी खरं तर दोन उपाय सांगितले होते. मध्ये एखादा पडदा किंवा लाकडी आडोसा उभा करा, किंवा मागचं दार बंद करा. निवड माझी होती. मी आडोशाचा विचारसुद्धा केला नाही. मला काहीतरी मोठं, सगळ्यांना दिसेल असं करायचं होतं.

मिस्त्रींना फोन केला. काम काय ते सांगितलं नाही, फक्त या म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीनं आले. हातात आंबेमोहोर तांदळाची पिशवी, श्रीकांतसाठी. आल्या आल्या ते कॉटच्या पायथ्याशी खाली बसले आणि श्रीकांतचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबत राहिले. श्रीकांतच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तोंडातून नुसता आवाज.

"हुईल, सायेब, हुईल. वाईच दम धरा."

मग माझ्याकडे वळून, "काय काम काडलंय, बाई?"

"मागचं दार बुजवायचंय."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी कारण सांगितलं. फेंगशुई, ऊर्जा, समोरासमोरची दारं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"आसंल," ते म्हणाले. "त्या बाई शिकलेल्या हायेत. आसं करतो, मधी लाकडी जाळी हुबी करतो. पुरुषभर उंच. म्होरनं बगनाऱ्याला मागलं दार दिसनार न्हाई. वारं येत ऱ्हाईल. सायेब दिसभर हितंच पडून असत्यात, त्यास्नी वारं लागंल. त्या बाईंचं बी ऱ्हाईल, तुमचं बी."

"नको. बुजवूनच टाका."

"वाईच हितं पडून बगू का? सायबांच्या कॉटशेजारी? कसं वाटतंय ते..."

आणि मी जे बोलले ते बोलले. "पडून बघायचं ते आधी बघितलंत ना? तुम्ही झोपा काढून घर बांधलंत, आणि माझा माणूस आता असा पडलाय."

ते उभे होते तिथेच राहिले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "माज्या हातानं झालं म्हंता?"

"मग कुणाच्या?"

कुणाच्या, ते मला माहीत होतं. कचराकुंडी कुठली, तेही माहीत होतं. तरी माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

 त्यांनी चौकट काढली, विटा भिजवल्या, माल कालवला. एकट्यानं. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. थर चढत गेले तसा हॉलमधला उजेड खालून वर कमी होत गेला. कमरेच्या उंचीला आल्यावर श्रीकांत एकदम आवाज करायला लागला. "न्... न्..." उजवा हात कॉटच्या कडेवर आपटायला लागला.

मिस्त्री हातात वीट धरून थांबले. "सायेब काय म्हंत्यात?"

"काही नाही," मी म्हणाले. "ते हल्ली असंच करतात. तुम्ही चालू ठेवा."

त्यांनी एकदा श्रीकांतकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वीट थरावर बसवली.

संध्याकाळी भिंत पुरी झाली. इतकी सफाईदार की तिथं दार होतं हे सांगूनही पटू नये. हातपाय धुऊन ते पुढच्या दारातून निघून गेले.

मी मात्र बोलत सुटले. शिक्षकांच्या खोलीत, हळदीकुंकवाला, भाजी घेताना. आमच्या घरात दोष होता, मिस्त्रीनं स्वतःच्या मनानं दारं ठेवली होती, आता बुजवून घेतलं. जितक्या वेळा सांगायचे तितकं ते खरं वाटत जायचं. आमच्या शाळेतले एक सर कापूरहोळला घर बांधणार होते, सोपान मिस्त्रींशी बोलणं झालेलं होतं. त्यांनी दुसरा माणूस ठरवला. मला येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही वेळेवर सांगितलंत." मी मान डोलावली.

उन्हाळा आला. दुपारी वाऱ्याचा हॉलमध्ये येण्याचा रस्ता बंद झालेला. श्रीकांत घामानं भिजून भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी पंखा लावला, कूलर आणला, हिरव्या बांबूची कुंडी आणली, दारात किणकिणणारी नळ्यांची माळ टांगली. वारंच नव्हतं, त्यामुळे ती वाजायची नाही. शाळेतून आल्यावर मला कुठं बसावं ते कळायचं नाही. हातात पर्स घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहायचे.

पुढं वर्षभरात श्रीकांतची वाचा हळूहळू परत आली. तोतऱ्या, तुटक शब्दांत त्यानं मला सांगितलेली पहिली पुरी गोष्ट ही: "दार उघड." आणि त्याच आठवड्यात, "गोळ्या... मी घेत नव्हतो."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"कधीपासून?"

मी सांगितलं.  तो म्हणाला, "सोपानला बोलव."

फोन त्यांच्या सुनेनं उचलला. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "मामंजी आता घरं न्हाई बांधत, बाई. कुनाचा गोठा आसला तर जात्यात, येरवी शेरडं राखत्यात."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय न्हाई. तुमच्याकडनं आले तवापास्नं त्यांनी डोक्यात घेतलंय. सांजच्याला बसलं की येक येक घर मोजत्यात. अमक्याच्या घरात म्हातारी गेली, तमक्याच्या घरात पोरगं आजारी पडलं. आमी किती सांगितलं, आवो, पस्तीस वर्सांत कुनाच्या घरात कोन मरनार न्हाई का? तर म्हंत्यात, बाई शिकलेल्या हायेत, त्या उगं कशाला म्हंतील?"

त्यांना फोन द्या, एवढं मी म्हणू शकले असते. "बरं," म्हणाले आणि ठेवला.

दार भोरच्याच दुसऱ्या गवंड्याकडून उघडून घेतलं. वारं पुन्हा यायला लागलं. श्रीकांत आधी कॉटवर, मग खुर्चीत, मग काठी घेऊन कट्ट्यापर्यंत यायला लागला. वेल्ह्याला जाऊन यायचं, असं मी दर सुट्टीत ठरवायचे. दिवाळी गेली, उन्हाळ्याची सुट्टी गेली. वेल्हं काही लांब नाही. श्रीकांतनं एकदाच विचारलं, "गेलीस का?" मी नाही म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचं ते न विचारणं घरात आमच्याबरोबर राहायला लागलं.

शेवटी मी गेले ती सुद्धा माझ्या मनानं नाही. निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण वेल्ह्याला लागलं. दुपारी ते आटोपून एसटी स्टँडवर आले तर बाकावर सोपान मिस्त्री बसलेले. औषधाची पिशवी मांडीवर. आधी त्यांनीच मला पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"बाई, तुमी हितं? सायेब कसं हायेत?"

"बरे आहेत. काठी घेऊन चालतात."

"बोलत्यात?"

"बोलतात. थोडं अडखळतात."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हंजे गुन आला म्हनायचा," ते म्हणाले. "दार बुजवलं ते बरंच झालं, बाई. मला लई घोर लागला व्हता."

इथं गप्प बसणं सोपं होतं. ते समाधान घेऊन घरी गेले असते, मी बस धरून भोरला आले असते. पण तो माणूस माझं खोटं खरं झालं म्हणून आनंदला होता, आणि ते माझ्यानं सोसवलं नाही. त्यांच्यासाठी बोलले की स्वतःसाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

"मिस्त्री, दार मी परत उघडलं," मी म्हणाले. "दारानं काही झालं नव्हतं. हे रक्तदाबाच्या गोळ्या घेत नव्हते. चार महिने घेतल्या नव्हत्या. म्हणून झालं."

ते हळूहळू खाली बसले. "गोळ्या," म्हणाले.

"हो."

"हे तुमास्नी मागनं कळलं आसंल."

"नाही. तुम्हाला बोलावलं त्याच्या आधीच कळलं होतं."

स्टँडवर माणसं होती, पोरं होती, कुणाचा तरी मोबाईल मोठ्यानं वाजत होता. त्यांनी पिशवीचं तोंड उगाचच दोनदा गुंडाळलं.

"आमची कारभारीन म्या बांदलेल्या घरात गेली," ते म्हणाले. "पंदरा वर्सं झाली. दम्यानं गेली. तुमच्याकडनं आल्यावर म्या तिला बी त्या हिशेबात धरली व्हती, बाई. माज्याच हातानं गेली म्हनून."

 मी म्हणाले, "माफ करा, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली, पण ती माफ केल्याची नव्हती आणि न केल्याचीही नव्हती. "तवाच सांगायचं व्हतं," ते म्हणाले. चिडून नाही. कामातली एखादी चूक दाखवावी तसं. "तवा सांगितलं आसतं तर अजून दोन-चार घरं झाली आसती. आता नजर बी कमी झाली." मग उठले. "गाडी लागली तुमची. सायबांस्नी नमस्कार सांगा."

मी नसरापूरच्या गाडीत चढले, खिडकीशी बसले. गाडी सुटायला वेळ होता. स्टँडच्या समोर रस्त्यापलीकडे एका घराचं काम चाललं होतं, भिंती छातीपर्यंत आलेल्या. मिस्त्री रस्ता ओलांडून त्याच्यासमोर थांबले. आतल्या गवंड्यानं त्यांना ओळखलं आणि हात वर करून हाक मारली, "या की, मिस्त्री. आत या. वाईच बगा हे."

त्यांनी चपला काढल्या. अनवाणी दोन पावलं पुढं गेले, जिथं दार होणार होतं तिथपर्यंत. गवंडी आतल्या बाजूला काहीतरी दाखवत होता, इकडे की तिकडे असं हातानं विचारत होता. ते तिथंच उभे राहिले, बाहेरच्या अंगाला. मला वाटलं, आत जातील. मग त्यांनी डोकं हलवलं, काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. मागं आले, पायानं चपला चाचपल्या, घातल्या, आणि तोरण्याच्या बाजूच्या रस्त्याला लागले.